बत्तीस जीबीपर्यंत

खोक्यावर छापलं होतं : मेमरी बत्तीस जीबीपर्यंत. बॅटरी दहा तासांपर्यंत. आकडे अंगठ्याएवढे आणि 'पर्यंत' मुंगीएवढा. ते खोकं मी नागपुरात सीताबर्डीच्या दुकानातून ऑटोत मांडीवर घेऊन वाडीला घरी आणलं, उघडलं, लॅपटॉप सुरू केला, तर आत मेमरी आठ जीबी. बॅटरी तीन तास.

मी पत्रकं लिहिते. पोटासाठी एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि दुकानांचे फलक मांडते, आणि उरलेल्या वेळात आमच्या गल्लीच्या समितीची पत्रकं. ते मला सरांनी शिकवलं. सर म्हणजे समितीतले सगळ्यांत वयस्क, शाळेतून निवृत्त झालेले, खिशाला कायम लाल पेन. पहिल्याच दिवशी त्यांनी एका चिठ्ठीवर तीन शब्द लिहून दिले होते : सुमारे, लवकरच, पर्यंत. म्हणाले, "सरकारी कागदात हे शब्द दिसले की खाली लाल रेघ मारायची. अन् आपल्या कागदात दिसले, तं मले तोंड दाखवायचं नाही."

तर मी खोक्यावर लाल रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. सोबत एक पानी निवेदन, खाली तीन मागण्या. दुकानदारानं ते शेवटपर्यंत वाचलं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. मग त्यानं मला पाणी दिलं.

"ताई, बत्तीसपर्यंत टाकता येते. टाकली आहे असं कोण म्हणते?"

"मग ही फसवणूक नाही?"

"ही भाषा आहे, ताई."

मी पाणी पिऊन परत आले. वर्षभर ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं.

आता गेमिंगचाच लॅपटॉप कशाला, हे मला समितीत चारदा सांगावं लागलं म्हणून इथंही सांगते. छापखान्यातलं काम असो की व्हिडिओ, चित्रांचं वेगळं कार्ड असलेलं मशीन लागतं. असं कार्ड असलेल्यांत सगळ्यांत स्वस्त मिळतं ते गेमिंगवालं. मला गेम खेळता येत नाही. पण त्याच्या झाकणावर पंजा मारल्यासारख्या रेघा आहेत आणि कळफलक लाल पेटतो. सरांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा चष्मा काढून पुसला.

"हे काय आहे गा? चळवळीत गेम खेळून राहिलो का आपण?"

आई मागून चहा घेऊन येत होती. तिनं कप ठेवले आणि म्हणाली, "गेम तं करायचाच आहे ना सर, साहेबाचा." आमच्याकडे 'गेम करणे' म्हणजे एखाद्याचा निकाल लावणे. सर हसले, आणि लॅपटॉप समितीत मंजूर झाला.

साहेब कोण, हे सांगायला गल्ली सांगावी लागेल. आमची गल्ली अमरावती रोडला एका टोकाला लागते आणि दुसऱ्या टोकाला गोडाऊनकडे जाणाऱ्या रस्त्याला. मोठ्या चौकातून वळून गेलं तर एक सिग्नल लागतो. गल्लीतून गेलं तर लागत नाही. एवढीच गोष्ट. हा शोध कोण्या एका ड्रायव्हरला लागला आणि त्यानं तो सगळ्या जगाला सांगितला. एका सिग्नलसाठी दहा चाकांचे ट्रक आमच्या गल्लीतून जातात, जिथं ट्रकसमोर सायकल आली तर सायकलवाल्याला भिंतीला चिकटावं लागतं.

आणि आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अंगणवाडी आहे. आई तिथली सेविका. बावीस मुलं, तीन ते सहा वर्षांची. त्या खोलीचं दार थेट गल्लीत उघडतं. ओटा नाही, पायरी नाही. उंबरा आणि मग टायर. मुलांचा सगळ्यांत आवडता खेळ म्हणजे एकानं ट्रक व्हायचं, उलटं चालायचं, आणि बाकीच्यांनी डबा वाजवत ट्रकच्या क्लीनरसारखं ओरडायचं, "आन दे, आन दे, आन दे, बस्स."

आमची मागणी एक होती : गल्लीच्या तोंडावर लोखंडी कमान लावा. कार निघेल, टेम्पो निघेल, रुग्णवाहिका निघेल, ट्रक अडकेल. वाहतुकीचं काम पाहणाऱ्या साहेबांनी दोन वर्षं फायलीवर बसून उत्तर काढलं ते असं : धोका असेल तर अंगणवाडी हलवू. कुठं, तर मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, एका रिकाम्या खोलीत. तीन वर्षांच्या मुलानं अमरावती रोड ओलांडून शाळेत यायचं. ही सूचना लिहिणाऱ्यानं तो रस्ता पायी कधी ओलांडला असेल का, हे मी पत्रकात विचारलं होतं. ठळक अक्षरात.

आईनं पत्रकापेक्षा कमी शब्दांत सांगितलं, "तिकडे हलवली तं तिथं माझं रजिस्टर पोचेल वं. पोट्टे नाही पोचणार."

शेवटी एप्रिलमध्ये बैठक ठरली. साहेबांनी निरोप पाठवला : या, पण पुरावा घेऊन या. नाहीतर अंगणवाडीच्या स्थलांतराच्या कागदावर त्याच दिवशी सही होणार.

पुरावा म्हटल्यावर मी शहाणपणा केला. मोबाइल समोरच्या घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला सुतळीनं बांधला, चार्जरची वायर त्यांच्याच खिडकीतून वर नेली, आणि एका साध्या मंगळवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा गल्लीचं चित्रण केलं. बारा तासांची दहा मिनिटांची फिल्म करायची, कोपऱ्यात ट्रकचा आकडा वाढत जाताना दाखवायचा. विचार झकास होता. लॅपटॉपला तो झेपला नाही.

पहिल्या दिवशी तो अर्ध्या तासात अडकला. दुसऱ्या दिवशी अडकण्याआधी त्याचा पंखा असा ओरडला की अंगणवाडीतली दोन मुलं दारात ट्रक बघायला गेली. आईनं कळफलकाच्या वर हात ठेवून पाहिला.

"याच्यावर पोळी शेकता येते."

"आई, मजाक नको करू."

"मजाक नाही. गॅस वाचेल."

मी कंपनीला दुसरं निवेदन लिहायला घेतलं. बैठकीला नऊ दिवस होते. सर म्हणाले, निवेदन नंतर, आधी सक्करदऱ्याला जा. तिथं एक काका आहेत, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता हे. "एकच गुण आहे माणसात," सर म्हणाले. "उघडून पाहिल्याशिवाय बोलत नाही. तुले ती सवय नाही, म्हणून जा."

वाडीहून सक्करदरा म्हणजे सगळं शहर आडवं कापायचं. मी लॅपटॉप आईच्या डब्याच्या पिशवीत घातला आणि पत्रकांचा एक गठ्ठाही, कारण मी कुठंही जाताना तो नेतेच. काकांचं दुकान म्हणजे तिथल्या तलावापासून दोन गल्ल्या आत, त्यांच्याच घराची पुढची खोली. आमच्या घरासारखीच. त्यांच्या खोलीत अंगणवाडी नव्हती, उघडे पडलेले पंचवीस-तीस लॅपटॉप होते.

"काय होते?"

"अडकतो. कंपनीनं फसवलं आहे. खोक्यावर..."

"कंपनी मंग पाहू. काय करताना अटकते, ते करून दाखव."

मी फिल्म लावली. काका लॅपटॉपकडे पाहतच नव्हते, त्याच्या आजूबाजूला काहीतरी शोधत होते.

"चार्जर कुठं आहे?"

"घरी. आमच्या खोलीत एकच प्लग आहे, त्यावर मुलांचा पंखा चालतो. म्हणून रात्री चार्ज करून मी बॅटरीवरच काम करते."

"वर्षभर?"

"हो. लॅपटॉप आहे ना, बिनवायरचा."

काकांनी दीर्घ श्वास घेतला. त्यांनी आपल्या ढिगातून तसल्याच पिनेचा एक चार्जर काढून लावला. पंख्याचा आवाज बदलला आणि फिल्म जरा पुढे सरकली. "गेमिंगवालं मशीन बॅटरीवर अर्धं काम करते. तुह्या पिशवीत पत्रकं दिसून राहिले, म्हणून तुह्याच भाषेत सांगतो. विजेशिवाय हे उपोषणाले बसते. तू वर्षभर उपोषणवाल्याकडून हमाली करून घेतली."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण वाक्य चांगलं होतं. मी ते मनात टिपून ठेवलं.

मग त्यांनी स्क्रीनवर एक तक्ता उघडला आणि मला खुर्ची जवळ ओढायला लावली. फिल्म चालू असताना मेमरी काठोकाठ. डिस्क काठोकाठ, तिच्यात वर्षभराच्या लग्नपत्रिका. उष्णता एवढी की मशीन स्वतःहून वेग कमी करत होतं. "हे पाहाय. प्रोसेसर कमजोर नाही आहे. त्याले जेवायला मिळून नाही राहिलं अन् वरून ताप आला आहे. आता उघडू. वॉरंटी?"

"गेल्या महिन्यात संपली."

"चांगलं झालं. नाहीतर मी हात नसता लावला, अन् तू भांडली असती."

उघडण्याची त्यांची एक पद्धत होती. त्यांनी माझ्या गठ्ठ्यातलं एक पत्रक घेतलं, उलटं करून कोऱ्या बाजूवर लॅपटॉपचा चौकोन काढला, आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथंच तो कागदात टोचून उभा केला. अकरा स्क्रू. मधले आखूड, कोपऱ्यातले लांब. "लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला की बोर्डाले भोक पाडते," ते म्हणाले. मला ते फार आवडलं. आमच्या समितीत कोण कुठून निघालं आणि कुठं बसवायचं, याचा असा कागद असता तर दोन भांडणं टळली असती.

झाकण निघालं. काकांनी चिमट्यानं एक हिरवी पट्टी दाखवली, बोटाएवढी लांब. "ही तुही आठ जीबी." मग तिच्या शेजारची रिकामी खाच दाखवली. तिच्यावर धूळ बसली होती. "अन् हे तुहं 'पर्यंत'."

मी वाकून पाहिलं. वर्षभर ज्या शब्दावर मी चिडले होते तो शब्द असा दिसत होता : सोनेरी दातांची एक रिकामी खाच.

"कंपनीनं खोटं नाही लिवलं," काका म्हणाले. "जागा ठेवली. भरायची तुले होती. तू निवेदन लिवत बसली."

"तुम्हाला कसं कळलं मी निवेदन लिहिलं?"

"तोंडावरून."

त्यांनी समजावून सांगितलं की एकच पट्टी असली की सगळा माल एका लेननं येतो-जातो. दोन सारख्या पट्ट्या लावल्या की दोन लेन होतात. चित्रांचं कार्ड, फिल्म, सगळं मोकळं वाहतं. मी म्हटलं, लावा मग बत्तीस. बत्तीस लिहिलंय तर बत्तीसच घेणार.

"कायले?"

"हक्काची जागा आहे."

"तुह्या कामाले सोळा पुरते. आठ आहे, आठ टाकू. जागा आहे म्हणून भरणारे लोक वेगळे असतात, ते तुह्या गल्लीत ट्रक घालून राहिले."

त्यांनी आठचीच दुसरी पट्टी त्या रिकाम्या खाचेत दाबून बसवली.

मग ते पंख्याकडे वळले. पंखा आणि त्याच्या पुढच्या तांब्याच्या पात्या यांच्यामध्ये काहीतरी होतं, जे मला आधी मशीनचाच भाग वाटलं. करड्या रंगाचं, जाड, नीट कापलेल्या घोंगडीच्या तुकड्यासारखं. काकांनी चिमट्यानं ते अखंड बाहेर काढलं आणि उजेडात धरलं.

"हे मशीन कुठं ठेवते?"

"खिडकीत. गल्लीकडच्या."

"ट्रक जाते तिथं?"

"जाते म्हणजे काय, तेच तर..."

"तेच तं हे आहे." त्यांनी तो धुळीचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. हलका होता. वर्षभराची गल्ली होती ती. मी तो पत्रकात गुंडाळून पिशवीत ठेवला.

काका प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी जुनी, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावत होते. डिस्कसाठी दुसरी जागा होती, तिथं एक मोठी एसएसडी बसवली. हात चालू असताना त्यांनी काय बदलणार नाही तेही सांगून टाकलं. प्रोसेसर चिकटवलेला, तो तोच राहील. कार्ड तेच राहील. "अन् स्क्रीन. रंग फिके आहे याचे. तुले लाल रंग गुलाबी दिसत असेल."

मला गेल्या हिवाळ्यातली एक लग्नपत्रिका आठवली. मी गुलाबी समजून छापायला दिली आणि ती कुठल्याशा मोर्च्याच्या फलकासारखी लालभडक छापून आली. नवरीकडच्यांनी छापखान्याच्या मालकाला विचारलं होतं, लग्न आहे की घेराव. मी तेव्हा छपाईयंत्राला दोष दिला होता.

"याच्यासंग जगायचं," काका म्हणाले. "रंग मोबाइलवर एकदा पाहत जाय. स्वस्तातलं मशीन आहे, कंपनीनं कुठंतरी हात आखडता घेतलाच असता. स्क्रीनवर घेतला. पोटावर नाही घेतला. मले तं हे इमानदार वाटते."

मग स्क्रू परत लावायची वेळ आली. एकेक स्क्रू कागदातून निघाला आणि कागद मोकळा झाला. काकांनी तो सहज उलटा केला आणि वाचायला लागले. मला आनंद झाला. पत्रक वाचणारा माणूस दिसला की मला अजूनही आनंद होतो.

"चांगलं लिवलं आहे," ते म्हणाले. मग थांबले. "रोज तीनशेपर्यंत ट्रक."

मी पिशवी आवरायला घेतली.

"कोणी मोजले तीनशे?"

"अंदाज आहे. लोक म्हणतात."

"तीनशेपर्यंत." त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला, बोट नेमकं त्या शब्दावर. "म्हणजे तू अन् ते कंपनीवाले, एकाच शाळेत होते का बाप्पा?"

ते पत्रक मी एकटीनं लिहिलं होतं. सर तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते, लाल पेन त्यांच्यासोबत. हजार प्रती छापल्या. गल्लीत वाटल्या, चौकात वाटल्या, आणि एक साहेबांच्या फायलीत आहे. त्या सगळ्यांवर मी माझ्या हातानं तेच लिहिलं होतं ज्याच्यासाठी दुकानात जाऊन भांडले होते.

काकांनी लॅपटॉप सुरू केला. फिल्म लावली, चार्जर लावला. फिल्म तयार व्हायला आधी जे चौदा तास दाखवत होतं ते आता दोन दाखवायला लागलं. पंखा गुणगुणत होता, ओरडत नव्हता. त्यांनी सोड्याच्या बाटलीची दोन बुचं शोधून मागच्या बाजूला खाली ठेवली, म्हणजे मशीनला श्वास घ्यायला जागा. "ही बुचं फेकू नको. मशीनमधला सगळ्यांत स्वस्त पार्ट आहे, पण काम करते."

घरी आल्यावर मी दोन दिवस ट्रक मोजले. फिल्म थांबवायची, आकडा टाकायचा, पुढे. आता ती अडकत नव्हती, अडकत होते मी. कारण संध्याकाळी सहाच्या चौकटीवर आकडा निघाला एकशे चौदा. मी परत मोजले. एकशे चौदा. तिसऱ्यांदा आईला बसवलं, तिचाही तोच.

मला ट्रकवाल्यांचा भयंकर राग आला. रोज छळता, आणि नेमके मोजायच्या दिवशी कमी येता.

सरांकडे गेले. त्यांना फिल्मचा आकडा सांगितला, मग पत्रक दाखवलं. त्यांनी नव्या डोळ्यांनी ते वाचलं, खिशातून लाल पेन काढलं, आणि माझ्या शब्दाखाली रेघ मारली. सावकाश, पट्टीनं मारल्यासारखी सरळ.

"तोंड दाखवू नको म्हटलं होतं ना?"

"हो."

"दाखवलंच आहे, तं चहा घे." चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "बैठकीत हे आपण आधी सांगायचं. त्यानं काढायच्या आधी."

"सर, एकशे चौदा म्हटल्यावर तो म्हणेल कमी आहेत."

"म्हणू दे. आपला आकडा आहे."

मला पटलं नव्हतं, खरं सांगते. पटलं ते दुसऱ्या दिवशी, फिल्म सलग पाहताना. बारा तास दहा मिनिटांत पळत होते, सावल्या भिंतीवरून सरपटत होत्या, आणि आमच्या दारात काहीतरी वर-खाली होत होतं. सारखं. मोजताना मी ट्रककडे पाहत होते म्हणून ते दिसलं नव्हतं. मी फिल्म मागे नेऊन हळू केली. तो आईचा हात होता. प्रत्येक ट्रकला ती आतलं काम टाकून दारात येऊन उभी राहते आणि उजवा हात आडवा धरते, फाटकासारखा, आणि हाताच्या खालून मुलांची डोकी दिसतात. ट्रक गेला की हात खाली. आणि मग परत. अंगणवाडीच्या वेळात एक्केचाळीस वेळा.

मी वीस वर्षं त्या घरात राहते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मी ते कधी मोजलं नव्हतं.

"आई, तू दर ट्रकला उठते?"

"मंग बसून राहू का?"

बैठक दुपारी होती आणि नागपूरचा एप्रिल होता. हॉलमध्ये एकच प्लग, त्यावर साहेबांचा कूलर. मी म्हटलं, चार्जर लावावा लागेल, हे मशीन विजेशिवाय उपोषणाला बसतं. साहेबांनी नाइलाजानं कूलर बंद करू दिला. मी लॅपटॉपखाली दोन बुचं ठेवली. पाच मिनिटांत सगळ्यांची कपाळं चमकायला लागली.

साहेबांच्या हातात आमचं पत्रक होतं. मी पाहिलं, त्यांच्या अंगठ्याखाली नेमकी तीच ओळ होती. मी उभी राहिले.

"साहेब, पत्रकात तीनशेपर्यंत लिहिलं आहे. ते चुकीचं आहे. मी मोजले नव्हते. आता मोजले. एकशे चौदा."

साहेबांचा अंगठा हलला. ते बहुतेक मोठी तयारी करून आले होते आणि मी ती वाया घालवली होती. त्यांनी कागद बाजूला ठेवला. "एकशे चौदा म्हणजे तसे कमीच झाले, नाही का?"

"फिल्म पाहा," सर म्हणाले.

दहा मिनिटं फिल्म चालली. हात वर, हात खाली. साहेबांनी एकदा घाम पुसला, एकदा आईकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं. फिल्म संपल्यावर मी धुळीचा तुकडा टेबलावर ठेवला, कारण मी पत्रकवाली आहे आणि मला थांबता येत नाही. हे या मशीनच्या पोटातून निघालं, म्हटलं.

साहेबांना तिथं जरा जागा मिळाली. "बाई, घरात झाडू मारत नाही का तुम्ही?"

आई उठली. "दिवसातून तीनदा मारते साहेब. पोट्टे यायच्या आधी, जेवायच्या आधी, अन् गेल्यावर. तुम्ही या एक दिवस. झाडू मी देते. एका हातानं झाडा, दुसरा दारात आडवा धरा, मंग सांगा कसं जमते."

हॉलमध्ये हसू पसरलं. साहेबही हसले, हे मला लिहायलाच हवं. मग म्हणाले, "कूलर लावा आता. कमान करू."

"लिहून द्या," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं : गल्लीच्या तोंडावर लोखंडी कमान लवकरच बसवण्यात येईल. अंगणवाडी आहे तिथेच राहील. मी कागद सरांकडे दिला. सरांनी लाल पेन काढलं. 'लवकरच'खाली रेघ मारली आणि कागद टेबलावरून परत सरकवला, जसा ते शाळेत पस्तीस वर्षं गृहपाठ सरकवत आले असतील. साहेबांनी त्या रेघेकडे पाहिलं, 'लवकरच' खोडलं आणि वर लिहिलं : येत्या पंधरा तारखेपर्यंत.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं पाहिलं. त्या शब्दावर मी काय काय केलं होतं हे दोघांनाही माहीत होतं.

मी तो परत वाचला. या वेळी त्या शब्दाच्या पुढे तारीख उभी होती आणि तिच्या पलीकडे जायला जागा नव्हती. "असू द्या," मी म्हटलं. "इथं चालतो."

कमान चौदा तारखेला बसली, एक दिवस शिल्लक ठेवून. पिवळी, वर काळे पट्टे. सकाळी अंगणवाडी भरलेली होती आणि मी खिडकीत, बुचांवर ठेवलेल्या लॅपटॉपवर, एका लग्नपत्रिकेचा गुलाबी रंग मोबाइलशी ताडून पाहत होते. पहिला ट्रक आला. सवयीनं वळला, कमान पाहून थांबला, हॉर्न वाजवला. कमान काही बोलली नाही. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली, मागे पाहिलं आणि गिअर टाकला.

आई दारात येऊन उभी होती. हात आडवा धरायला तिनं उचललाही होता. मग तिनं तो खाली सोडला आणि मुलं उंबऱ्यावर येऊन बसली, एकाजवळ डबा. ट्रक मागे सरकायला लागला आणि बावीसच्या बावीस जण, एका सुरात, त्याला अमरावती रोडवर पोचवून येईपर्यंत ओरडत राहिले.

आन दे, आन दे, आन दे. बस्स.